पुस्तक किती लांब धरायचं? सातवीतल्या एका मुलीच्या वाचनाचं प्रकरण

शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे लागोपाठ तीन वर्षं एकच शेरा होता: 'शब्द स्तर'. सुटे शब्द वाचता येतात, परिच्छेद येत नाही, असा त्याचा अर्थ. मुलगी सातवीत, वय १२. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा. मुलीला जन्मापासून अल्बिनिझम आहे. केस पांढरट पिवळे, कातडी गुलाबी, बुबुळं फिकट राखाडी आणि सतत आडवी थरथरणारी. मी तालुक्यात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकता यावं यासाठीचं, काम करतो. माझ्याकडे तिची फाइल आली ती तक्रारीसह. अल्पदृष्टीच्या मुलांना मिळतात तशी मोठ्या अक्षरांची पुस्तकं तिलाही मिळाली होती आणि ती वापरत नव्हती. "सर, शासन एवढं देतंय आणि हिचं पुस्तक दप्तरातून बाहेर निघत नाही," असं वर्गशिक्षिका बाईंचं म्हणणं.

ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

बाईंना मी म्हटलं, नेहमी घेता तसंच वाचन घ्या. मुलगी उभी राहिली, पुस्तक हातभर लांब धरलं आणि धडा खडाखडा वाचायला लागली. मान किंचित डावीकडे वळलेली, आवाज स्वच्छ. पानाच्या शेवटी वाक्य अर्धंच होतं, उरलेलं पुढच्या पानावर. तिने पान उलटलंच नाही, वाक्य मात्र पूर्ण केलं. वर्गातलं कुणी हसलं नाही, म्हणजे हे कुणाच्या लक्षातही आलं नसावं. मग मी पिशवीतलं एक न पाहिलेलं पान दिलं आणि गाडी पहिल्याच ओळीत अडली. बाईंना हे ओळखीचं होतं. "येतं ते छान येतं, नाही येत ते अजिबात नाही. मनावर घेत नाही हो ती."

मधल्या सुट्टीत हीच मुलगी व्हरांड्याच्या सावलीच्या कोपऱ्यात 'किशोर'चा जुना अंक नाकाला टेकवून बसली होती. काय वाचतेस विचारलं तर अख्खी गोष्ट सांगितली. मग वर्गात का अडतेस? "बाई म्हणतात पुस्तक लांब धर, डोळे खराब होतील. मग मी पाठ केलेलं म्हणते. आई घरी एकदा वाचून दाखवती, तेवढ्यात होतंय पाठ." घरी आजीचंही तेच: "नाक टेकवून वाचती की पोरगी. मीच वराडते, डोळं फुटतील म्हणून."

प्रकरण खरं म्हणजे इथेच उलगडलं होतं. पण शाळेला आकडे दाखवल्याशिवाय काही बदलत नाही, म्हणून पुढचं सगळं.

डोळ्यात काय असतं

अल्बिनिझममध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य बनत नाही किंवा फार कमी बनतं. लोकांना कातडी आणि केस दिसतात, म्हणून सगळी चर्चा त्यांचीच होते. कोड आहे का, ग्रहणात आई बाहेर फिरली होती का, वगैरे. (नाही. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत आली की हे होतं, आणि दोघांची कातडी-केस अगदी चारचौघांसारखे असू शकतात.) वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते डोळ्याच्या आत. पडद्याच्या मधोमध एक बारीकसा खळगा असतो, त्याच्या जोरावर आपण बारीक अक्षर टिपतो. तो या मुलांमध्ये गर्भातच पुरता घडत नाही. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे तंतूही नेहमीपेक्षा जास्त संख्येने विरुद्ध बाजूला वळतात, त्यामुळे दोन्ही डोळे मिळून खोलीचा जो अंदाज येतो तो कच्चा राहतो. बुबुळात रंग नसल्याने प्रकाश बाहुलीतूनच नव्हे तर बुबुळातूनही आत शिरतो आणि डोळे दिपतात. त्यात ही थरथर.

खळगा चष्म्याने घडत नाही. यावरून कुणीतरी पूर्वी घरच्यांना सांगितलं होतं की जन्मजात आहे, चष्म्याचा उपयोग नाही. तिसरीत घेतलेला चष्मा फुटला तो परत केलाच नाही, याचं कारण हे. शहरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात थेंब घालून तपासणी झाली तेव्हा दोन्ही डोळ्यांना अधिक ३ च्या आसपास नंबर आणि वर जवळजवळ अडीचचा सिलिंडर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा पडणारा नंबर) निघाला. अल्बिनिझममध्ये असे मोठे नंबर सर्रास सापडतात. बिनचष्म्याची नजर ६/६० होती, चष्म्याने ६/३६ झाली. म्हणजे चांगली नजर ३६ मीटरवरून जे अक्षर ओळखेल ते तिला ६ मीटरवर यावं लागतं. तरीही नजरेच्या तक्त्यावरची एक ओळ वाढली. 'उपयोग नाही' म्हणणाऱ्याने ती ओळ तिच्याकडून चार वर्षं काढून घेतली होती, असं माझं मत आहे.

अक्षर केवढं लागतं, हे मोजलं कसं

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेला एमएनरीड नावाचा वाचन तक्ता आहे. त्यात सारख्या लांबीची सोपी वाक्यं पायरीपायरीने लहान होत जातात आणि प्रत्येक वाक्याला किती सेकंद लागले ते लिहायचं. त्यातून तीन गोष्टी कळतात: सगळ्यात लहान कुठलं अक्षर कसंबसं वाचता येतं, सगळ्यात जास्त वेग किती, आणि तो वेग टिकवणारं सगळ्यात लहान अक्षर कुठलं. यातली तिसरी गोष्ट शाळेच्या कामाची. आपल्याकडे मात्र तपासणीचा कागद पहिल्या गोष्टीवर थांबतो. जेमतेम ओळखू येणारं अक्षर आणि सुखाने वाचता येणारं अक्षर यांत मोठं अंतर असतं, आणि पुस्तकं छापताना, वाटताना ते कुणी धरत नाही.

हाताशी मराठी तक्ता नव्हता. त्याच पद्धतीने वाक्यं तयार करून लेझर प्रिंटरवर छापली. पॉइंटमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये मोजलं, कारण एका फॉन्टचा १४ पॉइंट दुसऱ्याच्या १२ एवढाही दिसतो. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची, वरच्या-खालच्या मात्रा सोडून. पायऱ्या ८.८ मिमीपासून २.२ मिमीपर्यंत, प्रत्येक आधीच्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने लहान. नवा चष्मा लावून, खिडकीकडे पाठ करून, टेबलाशी बसवून.

४० सेंटिमीटरवर ८.८ मिमीला तिचा वेग मिनिटाला ८४ शब्द आला. ७ मिमीला ८२, म्हणजे तेवढाच. ५.६ ला ६६. ४.४ ला ४१ आणि चुका सुरू. ३.५ मिमीला अक्षर अक्षर जोडून, त्याखाली काही नाही. पूर्ण वेग टिकवणारं अक्षर ७ मिमी, जेमतेम वाचता येणारं ३.५. बरोबर दुप्पट. अल्पदृष्टीत काम करणाऱ्यांचा जुना ठोकताळा हाच आहे की सलग वाचायचं तर जेमतेम दिसणाऱ्या अक्षराच्या किमान दुप्पट अक्षर हवं.

मग म्हटलं, आता तुला हवं तसं धर. तिने पाठ्यपुस्तक उचललं, मी टेप लावली: साडेबारा सेंटिमीटर. पुस्तकातलं अक्षर २.२ मिमी. वेग ७८.

हे गणित करून बघण्यासारखं आहे. ४० सेंमीवरचे ७ मिमी म्हणजे साडेबारा सेंमीवरचे साधारण २.२ मिमी. डोळ्याच्या पडद्यावर दोन्ही प्रतिमा एकाच मापाच्या. कुणी न शिकवता, फक्त गरजेने, ती पोरगी बरोबर त्या अंतरावर पोचली होती जिथे साध्या पुस्तकातलं अक्षर तिच्या पूर्ण वेगाला पुरतं. आणि घरीदारी सगळे तिला तिथून मागे ओढत होते. जवळ धरण्याचा आणखी एक फायदा आहे: जवळ बघताना डोळे आत वळतात, तेव्हा पुष्कळ जणांची थरथर कमी होते. डावीकडे वळलेल्या मानेचंही तसंच. नजर उजवीकडे नेली की तिची बुबुळं सगळ्यात शांत राहतात, म्हणून ती मान वळवते. 'सरळ बघ' म्हणून तिची हनुवटी धरून फिरवली जायची, ते आता बंद झालं आहे. आणि जवळून वाचल्याने तिच्या डोळ्यांना इजा होत नाही, हे आजीला मी स्वतः जाऊन सांगितलं. आजीचा विश्वास बसला तो नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाईंनी पुन्हा सांगितल्यावर.

मोठी पुस्तकं दप्तरात का राहिली

ती पुस्तकं ए-४ पान ए-३ वर वाढवून केलेली होती. म्हणजे १.४ पट. २.२ मिमीचं अक्षर झालं ३.१ मिमी. हातभर लांब धरलं तर हे तिच्या जेमतेम दिसणाऱ्या अक्षराहूनही लहान. पूर्ण वेगाने वाचायचं तर ते १८ सेंमीवर आणावं लागतं. एवढा खटाटोप करून अंतर वाढलं किती, तर पाच-साडेपाच सेंटिमीटर. बदल्यात मिळालं बाकावर न मावणारं पान, दुमडलं की मधोमध पडणारी घडी, आणि १८ सेंमीवरून वाचताना डावीकडून उजवीकडे डोकं फिरवावं लागेल एवढी लांब ओळ. ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येताना ती ओळ चुकायची, म्हणून बोट ठेवायची, आणि बोट ठेवलं की पोरं म्हणायची पहिलीतली आहे. शिवाय सगळ्या वर्गात तिचंच पुस्तक पेपरएवढं.

४० सेंमीवरच वाचायला लावायचं ठरवलं असतं तर पान सव्वातीन पट वाढवावं लागलं असतं. ते सव्वादोन फूट रुंद झालं असतं.

मोठ्या छपाईच्या विरोधात मी नाही. पण मोठं करायचं तर अक्षर मोठं करा, पान नव्हे. मजकूर नव्याने टाइप करून, ओळ आखूड ठेवून, साध्या मापाच्या कागदावर. पानं वाढतील, वाढू देत. झेरॉक्सच्या मशीनवर १४१ टक्क्यांचं बटण दाबणं सोपं आहे म्हणून ते होतं, मुलाला लागतं म्हणून नाही. ई-बालभारतीची पीडीएफ फोनवर मोठी करता येते, तीही कामाची आहे. पण तिथेही ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि बोटाने पान सरकवत बसावं लागतं. चित्रासाठी, नकाशासाठी उत्तम. धड्यासाठी नाही.

मात्रा, टिंब, रफार

आता एक गोष्ट जी इंग्रजी तक्त्यांवर बेतलेल्या हिशोबात येत नाही. बाई म्हणाल्या होत्या की हिचं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं आहे, मराठीच कच्ची. मातृभाषा कच्ची आणि इंग्रजी बरी, हे ऐकून मलाही नवल वाटलं होतं. कारण चुकांच्या यादीत सापडलं. छापलेलं वाक्य होतं:

धरणाच्या भिंतीवर घार बसली होती.

४.४ मिमीला, ४० सेंमीवर, तिने वाचलं: "घरणाच्या भितीवर धार बसली होती." ध आणि घ यांत फरक शिरोरेषेजवळच्या एका वळणाचा. 'भिंतीवर' आणि 'भितीवर' यांत एका टिंबाचा. मी अक्षराची उंची मोजत होतो, पण वाचणारा टिंब बघत असतो, आणि टिंब अक्षराच्या सहाव्या हिश्श्याएवढंही नसतं. एक मात्रा की दोन, ऱ्हस्व की दीर्घ, 'वर्ष'वरचा रफार, 'प्र'मधला तिरका फटकारा, सगळी खरी माहिती मुख्य अक्षराच्या वर नाहीतर खाली, बारीक रेघांत. आणि शिरोरेषा सगळ्या शब्दाला एका दांडीत बांधते, त्यामुळे शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, वर लटकणारं फारसं काही नसतं.

तिच्या वह्या पुन्हा काढल्या. अनुस्वार जवळजवळ नाहीत. 'पूर्ण' सगळीकडे 'पुण'. शुद्धलेखनाच्या गुणांना कात्री लागत होती ती याने. जे टिंब तिने फळ्यावर कधी पाहिलंच नाही ते ती लिहिणार कसं? म्हणून तिच्यासाठी छापताना ७ मिमी वगैरे हिशोबाच्या आधी मी ओळींमधली जागा वाढवतो, जेणेकरून वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना चिकटणार नाहीत. आणि ठसठशीत म्हणून जाड टाइप वापरत नाही. जाड टाइपात अक्षरांच्या पोटातली जागा बुजते आणि ध, घ, भ, म सगळे एकच दिसायला लागतात.

वीस मिनिटांनंतर

पहिल्या पानावर ७८ शब्दांचा वेग. तसंच वाचत राहायला सांगितलं आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजला: ५२. डोकं दुखतंय म्हणाली.

साडेबारा सेंमीवर बघायला डोळ्याच्या भिंगाला ८ डायॉप्टरचा (भिंगाची ताकद मोजायचं एकक) जोर लावावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाची एकूण ताकद साधारण बारा-तेरा. नुसतं गाठायला पुरेसं, पण तासभर टिकवायला नाही. आणि चष्मा नव्हता त्या वर्षांत अधिक ३ चा नंबरही तिलाच भरून काढावा लागत होता, म्हणजे ११. जवळपास सगळी ताकद. संध्याकाळी अभ्यासाला बसली की दहा मिनिटांत उठते, ही घरची तक्रार यातून आली होती.

रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाईंनी बायफोकल दिला, खाली अधिक ४ ची भर, आणि जोडाची रेघ मोठ्यांच्या चष्म्यापेक्षा वर, कारण मुलं मान खाली घालत नाहीत, पुस्तक वर आणतात. वर्गात 'म्हातारीचा चष्मा' असं चिडवून झालं. मुलगी दोन आठवडे तो दप्तरात ठेवायची. मग सहामाही आली आणि घातला. आता वीस मिनिटांनी वेग ७१ असतो.

बाकीचं थोडक्यात. उतरतं लाकडी डेस्क गावातल्या सुताराने करून दिलं, त्यामुळे पुस्तक चेहऱ्याजवळ येतं आणि पाठ वाकत नाही. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापली: पांढऱ्या कागदाची चकाकी झाकली जाते, ओळ चुकत नाही, आणि बोटही लागत नाही. जागा पहिल्या बाकावर पण वर्गाच्या डाव्या अंगाला, म्हणजे फळा तिच्या उजवीकडे येतो आणि मान फार वळवावी लागत नाही. खिडकी पाठीमागे. बाहेर टोपी, पूर्ण बाह्या, गडद चष्मा. शाळेने हौसेने घेतलेलं हातातलं मोठं भिंग धड्यासाठी तिला नकोच होतं. गणितातले घातांक, दशांशचिन्ह आणि अंशाचं गोल मात्र तिच्या अंतरावरही निसटतात, तिथे कागदावर ठेवायचं छोटं घुमटाकार भिंग चालतं.

कुणीतरी अंधशाळा आणि ब्रेल सुचवलं होतं. ब्रेलला माझा विरोध नाही. ज्या मुलांची नजर वाचनाला पुरत नाही किंवा उतरत जाणार आहे त्यांनी शिकावंच. पण अल्बिनिझममध्ये नजर सहसा वयाबरोबर घसरत नाही आणि हिचा छापील वाचनाचा वेग समोर होता.

दिव्यांग प्रमाणपत्राला वडील आधी तयार नव्हते, 'लग्नाच्या वेळी कागद आडवा येतो' म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची चष्म्यासह नजर ६/१८ च्या खाली, ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. दोन्ही डोळ्यांना ६/३६ म्हणजे ४० टक्के, आणि सवलतींचा उंबरठाही तिथेच आहे. सिव्हिलमधून कागद झाला. लेखनिक घ्यायला तिने नकार दिला आणि मला तो बरोबर वाटतो. तिला वाचता येतं, लिहिता येतं, हवा आहे तो वेळ. लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान तासभर जादा देता येतो, तसं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शाळेत आधी कुणाला हे माहीत नव्हतं.

नोंदवहीतला शेरा

वर्षअखेरीला वाचनाची स्तर निश्चिती पुन्हा झाली. फरक एवढाच की या वेळी ती बसून, आपल्या अंतरावर, न पाहिलेला मजकूर वाचत होती. परिच्छेद झाला, गोष्ट झाली, गोष्टीवरचे प्रश्न झाले. त्याच इयत्तेतल्या, वर्गात 'ठीक' समजल्या जाणाऱ्या एका मुलाने तोच उतारा मिनिटाला ९५ शब्दांनी वाचला, हिने ७६. मधल्या काळात वाचन असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं वहीत नोंदलं गेलं होतं ते पुस्तक आणि डोळा यांमधलं अंतर.

शुद्धलेखनाचं मात्र तसं झालं नाही. टिंबं आता दिसतात, पण सात वर्षं न दिसलेली सवय एका चष्म्याने जात नाही. बाई तिच्याकडून रोज पाच ओळी जवळून बघून उतरवून घेतात आणि फक्त अनुस्वार-रफार तपासतात. प्रगती मंद आहे.

दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. घटक चाचणीचे पेपर शाळेतच टाइप होऊन झेरॉक्स होतात, पुसट आणि दाटीवाटीने, आणि तिची प्रत वेगळी काढायला दर वेळी विसरलं जातं. आणि भूगोल. नकाशातली नद्यांची नावं पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या निम्म्या अक्षरात, तीही वळणावळणाने, निळ्यावर निळी. ६ सेंमीपर्यंत जवळ आणूनही तिला ती लागत नाहीत. सरावाला फोनचा कॅमेरा चालतो, परीक्षेत चालत नाही. आठवीला ती शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये जाणार आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना मोजमापाचा कागद आणि प्रमाणपत्राची प्रत देऊन ठेवली आहे, कारण दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फतच जातो. नकाशाच्या प्रश्नाला मोठा नकाशा किंवा पर्यायी प्रश्न मागायचा, असं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. लेखी काही अजून मिळालेलं नाही.